हा कोड सगळ्यांचा की एका आर्किटेक्चरचा? कर्नेलमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

प्रोग्रॅमला फाइलमध्ये काही लिहायचं असलं की तो कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, 'राइट' हा सिस्टिम कॉल (कामाची विनंती) करतो. लिनक्समध्ये या कॉलचा क्रमांक आर्किटेक्चरनुसार, म्हणजे चिपच्या घराण्यानुसार, बदलतो: ६४-बिट एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या चिप) वर १ आहे, ३२-बिट एक्स८६ वर ४, आणि आर्म६४ व रिस्क-फाइव्हवर ६४. कर्नेलचं दार ठोठावायची पद्धतही ज्याची त्याची: ६४-बिट एक्स८६ वर 'सिसकॉल' ही सूचना, आर्म६४ वर 'एसव्हीसी', रिस्क-फाइव्हवर 'ईकॉल'. पण एकदा उंबरठा ओलांडून आत आलं, की सगळीकडे तेच एक सी फंक्शन चालतं. फाइल कुठे आहे, लिहायची परवानगी आहे का, डेटा कुठे ठेवायचा, यातल्या कशालाच चिप कोणती हे माहीत नसतं.

हा उंबरठा नेमका कुठे बसवायचा, हे कर्नेलवर काम करताना पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं. पुण्यात तर हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या महिन्यातच समोर येतो. हिंजवडीला किंवा बाणेरला एम्बेडेड कामावर लागलेल्या मुलीच्या टेबलावर इंटेलचा लॅपटॉप असतो, शेजारी गाडीच्या डॅशबोर्डसाठीचा आर्मचा बोर्ड असतो, आणि आता कुठे कुठे रिस्क-फाइव्हचाही. तिन्हीवर तोच कर्नेल चालवायचा असतो. मग ती विचारते, "सर, हे फंक्शन आर्चमध्ये टाकू की बाहेर?" 'आर्च' म्हणजे सोर्समधलं एकेका आर्किटेक्चरच्या कोडाचं फोल्डर; बाहेरचा कोड सगळ्यांचा, म्हणजे सामाईक. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची घेतली आहेत, कारण सोर्स उघडून लगेच पडताळता येतात.

चिप बदलत राहते, हे या शहराला नव्याने सांगायला नको. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटर चिपांवर. १९९८ चा परम १०००० स्पार्कवर होता, त्यानंतरचा परम पद्म पॉवर४ वर, आणि २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. सतरा वर्षांत चार घराणी. आज ज्या चिपसाठी तुम्ही लिहिता आहात, तीच तुमच्या कोडची शेवटची चिप असेल असं धरून चालू नका.

पायरी १: आधी मुलूख पायाखाली घाला

लिनक्सचा सोर्स उतरवून घ्या आणि सगळ्यात वरची फोल्डरं बघा. 'आर्च' या एका फोल्डरात प्रत्येक आर्किटेक्चरचं घर आहे: एक्स८६, आर्म, आर्म६४, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी, एस३९०, मिप्स, लूंगआर्च आणि आणखी काही. 'कर्नेल', 'एमएम', 'एफएस', 'नेट', 'लिब', 'ड्रायव्हर्स' ही बाकीची फोल्डरं जवळपास संपूर्ण सामाईक.

नुसती फोल्डरं बघून समज येत नाही, म्हणून मी सगळ्यांना एक गृहपाठ देतो. एका प्रोसेसवरून दुसऱ्या प्रोसेसवर जाण्याचा, म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विचचा मार्ग शोधा. शेड्यूलरच्या (कोणत्या प्रोसेसने कधी धावायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) मुख्य फाइलमध्ये 'कॉन्टेक्स्ट स्विच' नावाचं फंक्शन आहे. पुढे कुणी धावायचं हे आधीच ठरलेलं असतं. हे फंक्शन मेमरीचा नकाशा बदलायला सांगतं आणि शेवटी 'स्विच टू' ला बोलावतं. इथवर सगळं सामाईक. 'स्विच टू' च्या आत मात्र प्रत्येक आर्किटेक्चरची असेंब्ली सुरू होते. आर्म६४ वर एक्स१९ ते एक्स२८ ही रजिस्टरं (चिपच्या आतल्या छोट्या साठवणजागा), फ्रेम पॉइंटर, स्टॅक पॉइंटर आणि परतीचा पत्ता जपला जातो. रिस्क-फाइव्हवर आरए, एसपी आणि एस० ते एस११. ६४-बिट एक्स८६ वर आरबीपी, आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ स्टॅकवर जातात आणि मग स्टॅकच बदलतो.

एवढीच रजिस्टरं का? बाकीची रजिस्टरं, फंक्शनला हाक मारणाऱ्यानेच गरज असेल तर आधी वाचवून ठेवायची, असा त्या त्या आर्किटेक्चरचा कॉलिंगचा करार आहे. तिन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून वाचा. साधारण दीड तास लागतो. कुणाची पाळी हे सगळ्यांचं, रजिस्टरं कोणती हे एकेकट्याचं: ही रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

पायरी २: ही गोष्ट कुणी ठरवली आहे?

नवीन कोड लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मी जे लिहितोय ते चिप बनवणाऱ्याने ठरवलंय की कर्नेल लिहिणाऱ्यांनी? पेज टेबलातल्या (मेमरीच्या पत्त्यांच्या नकाशातल्या) नोंदीचा कोणता बिट 'लिहायला परवानगी' सांगतो, हे चिपच्या मॅन्युअलमध्ये असतं. टीएलबी (त्या नकाशाची चिपमधली जलद प्रत) कशी साफ करायची, इंटरप्ट आल्यावर प्रोसेसर कोणत्या पत्त्यावर उडी मारतो, बूटलोडर कर्नेलला कोणत्या रजिस्टरमधून माहिती देतो, हेही तसंच. अशा गोष्टी आर्चमध्ये जातात आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

कोणतं पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) आधी बाहेर काढायचं, कोणत्या थ्रेडला किती वेळ द्यायचा, टीसीपीने पुन्हा कधी पाठवायचं, ही कर्नेलची धोरणं. ती आर्चमध्ये दिसली तर चूक समजा.

खरी कसरत या दोन्हींच्या मधे आहे. एकाच फंक्शनमध्ये दहा ओळी धोरणाच्या आणि दोन ओळी हार्डवेअरच्या असतात. नवखा माणूस ते पूर्ण फंक्शन आर्चमध्ये टाकतो, मग दुसरा त्याची प्रत आपल्या आर्चमध्ये करतो. पुढे धोरणाच्या दहा ओळींत चूक सापडते आणि दुरुस्ती एकाच प्रतीला मिळते.

हे काल्पनिक नाही. प्रोग्रॅमच्या मेमरीतून कर्नेलमध्ये डेटा आणणारं 'कॉपी फ्रॉम यूजर' घ्या. मधेच प्रोग्रॅमचं पेज सापडलं नाही तर कॉपी अर्धवट राहते. तेव्हा कर्नेलच्या बफरचा उरलेला भाग शून्यांनी भरायलाच हवा, नाहीतर तिथे आधी पडलेली कर्नेलची माहिती बाहेर गळू शकते. हे शून्य भरण्याचं काम अनेक वर्षं प्रत्येक आर्किटेक्चर आपापलं करत होतं, आणि काहींनी ते चुकवलंही होतं. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत ही मांडणी बदलली. आर्किटेक्चरने फक्त 'रॉ कॉपी' द्यायची, म्हणजे निव्वळ बाइट हलवायचे आणि किती उरले ते सांगायचं. पत्त्याची तपासणी आणि शून्य भरणं सामाईक कोडाकडे गेलं. दोन ओळी हार्डवेअरच्या आणि दहा धोरणाच्या वेगळ्या कशा करायच्या, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्या बदलाचे पॅच गिटच्या इतिहासातून शोधून जरूर वाचा.

पायरी ३: नाव विचारू नका, कुवत विचारा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) ताफ्यात सीएनजीवरच्या बस आहेत आणि विजेवरच्याही. मार्ग, थांबे, तिकीट यांना बस कशावर धावते याच्याशी घेणंदेणं नाही. इंधन भरणं किंवा चार्जिंग हे डेपोचं काम. आता समजा, वेळापत्रक आखणाऱ्याने लिहून ठेवलं: 'बस विजेची असेल तर दुपारी एक तास मोकळा ठेवा.' आज ते बरोबर ठरेल. उद्या मोठ्या बॅटरीची बस आली, तिला दुपारी चार्जिंग नको, तरी ती तासभर डेपोत उभी राहील. वेळापत्रकाला खरं जाणून घ्यायचं होतं ते 'एका भरणीत किती किलोमीटर?' हे.

सामाईक कोडात 'एक्स८६ असेल तर हे करा' अशी अट घालणं म्हणजे असंच वेळापत्रक. ती अट लिहिताना तुमच्या मनात एक्स८६ चा कुठला तरी गुण असतो, पण तो तुम्ही लिहीत नाही, मालकाचं नाव लिहिता. वाचणाऱ्याला गुण कळत नाही. आणि तोच गुण असलेलं नवं आर्किटेक्चर आलं की त्याला प्रत्येक अट शोधून आपलं नाव त्यात घुसवावं लागतं.

लिनक्सच्या केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नेलचे पर्याय निवडण्याच्या व्यवस्थेत, यासाठी रीतसर सोय आहे. उदाहरणार्थ, चार बाइटची संख्या चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचायची असेल तर काही चिप ती झटकन वाचतात, काहींना ते फार महाग पडतं किंवा जमतच नाही. त्यासाठी 'हॅव एफिशियंट अनअलाइन्ड अ‍ॅक्सेस' असा पर्याय आहे. ज्या आर्किटेक्चरला हे परवडतं ते आपल्या केकॉन्फिगमध्ये तो 'सिलेक्ट' करतं, आणि नेटवर्कचा कोड फक्त त्या पर्यायाकडे बघतो. 'हॅव', 'आर्च हॅज', 'आर्च वॉन्ट्स', 'जेनेरिक' अशा सुरुवातींचे असे ढीगभर पर्याय सापडतील. नवीन पर्याय बनवण्याआधी तिथे शोध घ्या. बहुतेक वेळा तुम्हाला हवा तो आधीच असतो.

पर्यायाचं नाव ठेवताना एक कसोटी लावा: चिपचं नाव उच्चारल्याशिवाय त्याचा अर्थ सांगता येतो का? येत नसेल तर नाव चुकलं आहे.

इथेच आणखी एक वळण आहे, जे पुण्यातल्या एम्बेडेड मंडळींना रोज लागतं. पुष्कळदा जो फरक आपण कोडात लिहायला निघतो तो कोडाचा नसतोच, नुसत्या माहितीचा असतो. यूआर्ट (सिरियल पोर्टची चिप) कोणत्या पत्त्यावर आहे, कॅमेऱ्याची इंटरप्ट लाइन कोणती, घड्याळाची वारंवारता किती. ३२-बिट आर्मवर एके काळी प्रत्येक बोर्डासाठी सी मध्ये लिहिलेली वेगळी फाइल असायची. त्या फाइलींचा इतका सुकाळ झाला की २०११ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या गोंधळावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे ही माहिती डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या डेटा फाइलमध्ये, गेली, जी पद्धत पॉवरपीसी आणि स्पार्कवर आधीपासून होती. म्हणून 'आर्च की सामाईक' असा प्रश्न पडला तर तिसरं उत्तर आधी तपासा: हे डिव्हाइस ट्रीत मावतं का? मावत असेल तर एकही ओळ लिहू नका.

पायरी ४: सांधा कसा करायचा

सामाईक आणि आर्च कोड एकमेकांना जोडायचे तीन-चार रूढ मार्ग आहेत.

पहिला, 'एएसएम-जेनेरिक' नावाचं हेडरांचं फोल्डर. आर्किटेक्चरला एखाद्या हेडरमध्ये काही खास सांगायचं नसेल, तर ते आपल्या केबिल्ड (बिल्डच्या सूचनांच्या) फाइलमध्ये 'जेनेरिक-वाय' असं एका ओळीत लिहून सर्वसाधारण हेडर उचलतं. नवं आर्किटेक्चर आणताना जेवढं इथून उचलता येईल तेवढं उचलावं.

दुसरा, मॅक्रोची खूण. आर्च हेडरमध्ये फंक्शन लिहायचं आणि त्याच नावाचा मॅक्रोही डिफाइन करायचा. सामाईक हेडर बघतं: या नावाचा मॅक्रो आहे का? नसेल तर स्वतःचं साधं फंक्शन देतं. दिसायला विचित्र, पण सगळा निकाल कंपाइल होतानाच लागतो आणि नावावर शोध घेतला की दोन्ही जागा सापडतात.

तिसरा, 'वीक' फंक्शन. सामाईक फाइलमध्ये कमजोर व्याख्या, आर्चमध्ये त्याच नावाची पक्की व्याख्या, आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) पक्की निवडतो. नव्या लोकांना हा मार्ग फार आवडतो कारण तो सोपा वाटतो. मी त्यांना थांबवतो. हेडरमध्ये घोषणा न करता आर्चमधल्या फंक्शनच्या नावात एक अक्षर चुकलं तर लिंकर तक्रार करत नाही. तो मुकाट्याने कमजोर व्याख्या घेतो आणि तुमचा कोड कधी चालतच नाही. शिवाय वाचणाऱ्याला कोणती व्याख्या लागू आहे ते फाइल बघून कळत नाही. बूटच्या वेळी एकदाच चालणाऱ्या जागी ठीक आहे, इतरत्र मॅक्रो किंवा केकॉन्फिग घ्या.

चौथा मार्ग नाजूक आहे आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो: सामाईक कोडाने सर्वांत मोठा आकार गृहीत धरायचा आणि छोट्यांनी आपल्या बाजूला घडी घालायची. पेज टेबलं बघा. सामाईक कोड नेहमी पाच पातळ्या आहेत असंच समजतो: पीजीडी, पी४डी, पीयूडी, पीएमडी, पीटीई. जुन्या पद्धतीच्या ३२-बिट आर्मवर हार्डवेअरला दोनच पातळ्या असतात. मग तिथे मधल्या पातळ्या 'फोल्ड' केलेल्या असतात. त्या पातळीला एकच नोंद आहे आणि ती वरच्या पातळीचीच आहे, असं हेडर सांगतं, आणि कंपायलर तो सगळा फेरा पुसून टाकतो. चालताना एकही सूचना वाया जात नाही.

या मांडणीचा कस लागला तो इंटेलने पाचवी पातळी आणली तेव्हा. व्हर्च्युअल पत्ता ४८ बिटांवरून ५७ वर गेला, म्हणजे २५६ टेराबाइटवरून १२८ पेटाबाइटवर. २०१७ च्या ४.१४ मध्ये एक्स८६ वर हे चालू करता आलं. बाकीच्या बहुतेक आर्किटेक्चरांना पी४डी नको होती. त्यांनी घडीचं हेडर घेतलं आणि आपली पेज टेबलं होती तशीच ठेवली. सामाईक कोडात 'पाच पातळ्या असतील तर' अशी अट घालायचं ठरलं असतं, तर मेमरी व्यवस्थापनाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन दोन वाटा झाल्या असत्या.

पायरी ५: 'माझ्या चिपवर वेगवान होईल' हे मोजून दाखवा

आर्चमध्ये कोड नेण्याचं सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं कारण म्हणजे वेग. कारण खरं असू शकतं. मेमकॉपी, चेकसम, क्रिप्टोग्राफी यांत चिपच्या खास सूचनांनी मोठा फरक पडतो, आणि लिनक्समध्ये त्यांच्या आर्चनिहाय आवृत्त्या आहेत. पण अशी प्रत्येक आवृत्ती कुणाला तरी पुढची अनेक वर्षं सांभाळावी लागते. म्हणून आधी सामाईक सी आवृत्ती लिहा, मग मोजा, आणि फरक खऱ्या कामात दिसत असेल तरच असेंब्लीला हात घाला. सामाईक आवृत्ती काढू नका. नव्या आर्किटेक्चरला ती पहिल्या दिवशी लागते आणि तुमची असेंब्ली बरोबर आहे का हे तपासायलाही तीच लागते.

रेड६ च्या (अनेक डिस्कवर डेटा सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीच्या) कोडाने इथे चांगला पायंडा घातला आहे. साध्या सी मधल्या आणि एव्हीएक्स, निऑन वगैरे खास सूचनासंचांच्या अशा अनेक आवृत्त्या तो जवळ ठेवतो, सुरू होताना त्यांची शर्यत लावतो आणि जिंकेल ती वापरतो. तुमच्या लॅपटॉपवर बीटीआरएफएस (एक फाइल सिस्टिम) किंवा रेड६ चं मॉड्यूल चढलेलं असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) ही निवड छापलेली सापडेल.

पायरी ६: सामाईक लिहिलं म्हणून सामाईक होत नाही

कोड सामाईक फोल्डरात ठेवला म्हणजे तो सगळीकडे चालेलच असं नाही. ज्या लॅपटॉपवर तुम्ही लिहिता त्याच्या सवयी कोडात नकळत उतरतात.

मी स्वतः हे महागात शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ड्रायव्हरसाठी रिंग बफर लिहिला होता. एक कोर डेटा भरणार आणि 'तयार' असा झेंडा लावणार. दुसरा कोर झेंडा बघून डेटा उचलणार. लॅपटॉपवर रात्रभर चालवला, एकही चूक नाही. आर्मच्या बोर्डवर मात्र दर काही तासांनी एखादं पॅकेट कचरा भरलेलं यायचं. मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, बोर्ड बदलला. जवळजवळ दोन आठवडे गेले.

दोष माझ्या दोन ओळींत होता. एक्स८६ वर एका कोरने केलेली लेखनं दुसऱ्या कोरला त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर तशी हमी नाही. झेंडा आधी दिसू शकतो आणि डेटा मागून. शिवाय कंपायलरलाही साध्या लेखनांचा क्रम बदलायची मुभा असतेच. उपाय सामाईक भाषेत उपलब्ध होता: झेंडा लावताना 'स्टोअर रिलीज', वाचताना 'लोड अ‍ॅक्वायर'. ही दोन नावं एक्स८६ वर साध्या लेखन-वाचनाच्या सूचनाच बनतात, फक्त कंपायलरला क्रम बदलू देत नाहीत. आर्म६४ वर ती खास सूचनांमध्ये बदलतात. म्हणजे बरोबर लिहिण्याची एक्स८६ वर किंमत जवळपास शून्य, आणि मी ती शून्य किंमत दिली नव्हती म्हणून दोन आठवडे गेले. रिव्ह्यू करताना दोन कोरांमध्ये वाटलेलं व्हेरिएबल साध्या बरोबरच्या चिन्हाने लिहिलेलं दिसलं की मी आजही तिथे थांबतो.

बाकीचे खड्डे थोडक्यात. डिस्कवरची किंवा नेटवर्कवरची संख्या नेहमी 'एलई३२ टू सीपीयू' सारख्या फंक्शनमधूनच घ्या. एस३९० (आयबीएमचे मेनफ्रेम) बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतो, आणि तिथे बाइट उलटे दिसतील. पेजचा आकार ४०९६ असं हाताने लिहू नका, पेज साइजचा मॅक्रो वापरा. आर्म६४ वर ४, १६ आणि ६४ केबी असे तिन्ही आकार चालतात, आणि रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नेल १६ केबीचं पेज वापरतो. ६४-बिट संख्येला भागायचं असेल तर कर्नेलची भागाकाराची फंक्शनं वापरा, नाहीतर ३२-बिट बिल्ड लिंक होताना अडेल. आणि साधा 'कॅर' (सी मधला एका बाइटचा प्रकार) एक्स८६ वर ऋण होऊ शकायचा, आर्मवर नाही. यातून इतक्या छुप्या चुका व्हायच्या की २०२३ च्या ६.२ पासून संपूर्ण कर्नेलच अनसाइन्ड कॅर धरून कंपाइल होतो.

पायरी ७: एकत्र कधी आणायचं, वेगळं कधी काढायचं

दोन आर्किटेक्चरांत सारखा दिसणारा कोड आढळला की तो लगेच एकत्र करावासा वाटतो. सारखं दिसणं आणि सारख्या कारणाने बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासात दोन्ही दिशांचे निर्णय झालेले आहेत.

३२-बिट आणि ६४-बिट एक्स८६ ही आधी वेगवेगळी फोल्डरं होती. जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये ती एकत्र आली. इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, एसीपीआय, सगळं हार्डवेअर जवळपास तेच, आणि एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे न्यायची राहून जायची. एकाच कारणाने दोघं बदलत होती, म्हणून एक घर योग्य.

आर्म६४ चं उलट झालं. डिसेंबर २०१२ च्या ३.७ मध्ये तो आला तो स्वतंत्र फोल्डर घेऊन. नाव आर्मचं असलं तरी सूचनासंच नवा, एक्सेप्शनची रचना नवी, आणि ३२-बिट आर्मच्या जुन्या बोर्डांचं ओझं सोबत आणायचं नव्हतं. रिस्क-फाइव्हने मात्र ४.१५ मध्ये आल्यापासून ३२ आणि ६४ बिट एकाच फोल्डरात ठेवले आहेत, कारण तिथे दोन्हींचा नियमसंच एकाच वेळी, एकाच हाताने आखलेला आहे.

आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: सामाईक झालेलं परतही जाऊ शकतं. आर्म आणि आर्म६४ दोन्हींच्या केव्हीएमचा (कर्नेलमधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीचा) बराच कोड एका सामाईक फोल्डरात होता. २०२० मध्ये ३२-बिट आर्मवरचा केव्हीएम होस्ट काढून टाकला, एकच गिऱ्हाईक उरलं, आणि तो कोड आर्म६४ च्या घरी परत गेला. ते योग्यच झालं.

माझा ठोकताळा असा: एकाच आर्किटेक्चरला लागतं तोवर आर्चमध्ये. दुसऱ्याला लागलं की शेजारी ठेवून बघायचं, पण घाई नाही. तिसऱ्याला लागलं की सामाईक करायचंच, कारण आता खरा सारखेपणा कुठे आहे ते तीन उदाहरणांवरून कळतं. मधली पायरीही असते. फ्रीबीएसडीत एएमडी६४ आणि आय३८६ अशी दोन फोल्डरं आहेत आणि दोघांना लागणारं तेवढं 'एक्स८६' या तिसऱ्यात. जगभरात न नेता दोन भावंडांपुरतंच वाटून घ्यायचं असेल तर ही तोड चांगली.

पायरी ८: लॅपटॉपबाहेर चालवून बघा

सामाईक कोडाला हात लावला असेल तर निदान चार बिल्ड करा: ६४-बिट एक्स८६, आर्म६४, ३२-बिट आर्म आणि एस३९०. शेवटची दोन विचित्र वाटतील, पण ३२-बिट आर्म भागाकार आणि पॉइंटरच्या आकाराच्या चुका पकडतो आणि एस३९० एंडियनच्या. डेबियन किंवा उबुंटूवर यांचे क्रॉस-कंपायलर पॅकेजमधून मिळतात; मेकला 'आर्च' आणि 'क्रॉस कंपाइल' ही दोन व्हेरिएबल्स द्यायची, एवढंच. मग क्यूईएमयूवर (दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) बूट करा.

एक सावधगिरी. इंटेलच्या लॅपटॉपवर क्यूईएमयूतून आर्म चालवला तर मेमरी क्रमाच्या चुका बहुधा दिसणार नाहीत, कारण खाली राबणारी चिप एक्स८६ च आहे. माझ्या रिंग बफरसारखी चूक पकडायला खरा बोर्ड हवा, तोही एकाहून जास्त कोर असलेला आणि सूचनांचा क्रम स्वतः बदलणारा. रास्पबेरी पाय ४ मधले चार कॉर्टेक्स-ए७२ या कामाला पुरतात. सिरियल कन्सोलसाठी यूएसबीची केबल लागेल, ३.३ व्होल्टची आहे याची खात्री करून घ्या, ५ व्होल्टची जोडली तर पिना जातील.

पायरी ९: पॅच कसे रचायचे

आर्चमधला कोड सामाईक करत असाल तर तो एका मोठ्या पॅचमध्ये पाठवू नका. पहिल्या पॅचमध्ये सामाईक आवृत्ती आणा, पण ती अजून कुणी वापरत नाही अशी. नंतर प्रत्येक आर्किटेक्चरसाठी एकेक पॅच, ज्यात ते आपली प्रत सोडून सामाईककडे वळतं. काही बिघडलं तर बायसेक्ट (बिघडवणारा पॅच शोधून काढायची गिटची सोय) थेट त्या आर्किटेक्चरवर बोट ठेवतो आणि बाकीच्यांना मागे यावं लागत नाही. प्रत्येक पॅच कुणाला पाठवायचा हे सोर्समधली 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते.

पॅचच्या मजकुरात दोन गोष्टी स्पष्ट लिहा. प्रती कुठे कुठे वेगळ्या पडल्या होत्या, आणि त्यातला प्रत्येक फरक मुद्दाम होता की राहून गेलेला. हे शोधायला गिटचा इतिहास ओळीगणिक उकरावा लागतो आणि कामातला सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. एखादा फरक मुद्दाम होता की नाही हे समजत नसेल तर अंदाजाने पुसू नका. त्या आर्किटेक्चरच्या मेंटेनरला ती ओळ दाखवून विचारा आणि उत्तर येईपर्यंत तेवढं आर्किटेक्चर मालिकेतून बाहेर ठेवा. बाकीचे पॅच त्यावाचून पुढे जाऊ शकतात.